‘गान्’ : एका नियतकालिकाची गोष्ट

सरकारी कचेरीत दहा-बारा वर्षे काढलेल्या मनुष्यास नोंदीचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. साहेब बदलतात, खाती एकमेकांत विलीन होतात, ज्याने टिपणी लिहिली तो कारकून बदली होऊन दूर निघून जातो किंवा निवृत्त होतो. परंतु फाइलीच्या हिरव्या कागदावर त्याने लिहिलेल्या चार ओळी जागच्या जागी असतात. आता हा हिरवा कागद संगणकाच्या पडद्यावर आला आहे एवढेच. दहा वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला म्हणजे त्या चार ओळी शोधून काढाव्या लागतात. लिहिणाऱ्याचे नाव कोणास आठवत नसले तरी निर्णय होतो तो त्यांच्याच आधाराने. शास्त्राच्या राज्यातही असेच एक दप्तर आहे. संशोधनाची नियतकालिके हे ते दप्तर होय. सामान्य वाचक त्यांच्या वाटेस जात नाही, त्यांच्या अंकांवर रंगीत मुखपृष्ठ नसते, आणि त्यांतील लेखकास मानधनही बहुधा मिळत नाही. तथापि मनुष्यजातीने एखाद्या रोगाशी दिलेल्या झुंजीचा खरा इतिहास पाहावयाचा असेल, तर तो या दप्तरातच पाहावा लागतो. जपानात १९०७ साली निघालेल्या आणि केवळ कर्करोगाच्या संशोधनास वाहिलेल्या ‘गान्’ या नियतकालिकाची गोष्ट आज सांगावयाची आहे ती एवढ्याचसाठी.

‘गान्’ हे नाव कानी पडताच मराठी मनुष्यास संगीताची आठवण व्हावी; परंतु जपानी भाषेत या शब्दाचा अर्थ कर्करोग असा आहे. ज्या चित्राक्षराने तो लिहितात, त्यात बाहेर रोगाचे चिन्ह असून त्याच्या कुशीत खडकाचे चिन्ह असते. ग्रीकांना या व्याधीत खेकड्याची नांगी दिसली. तोच खेकडा लॅटिनमधून इंग्रजीत गेला आणि आपणही ‘कर्क’ या शब्दाने तो उचलला. चीन व जपान या देशांतील वैद्यांस मात्र त्यात दगड दिसला. बोटांना लागणारी ती टणक, न हलणारी गाठ ज्याने एकदा चाचपून पाहिली आहे, त्यास खेकड्यापेक्षा खडकाचीच उपमा अधिक पटेल.

या नियतकालिकाचे जनक प्रोफेसर कात्सुसाबुरो यामागिवा हे होत. १८६३ साली ते जपानातील उएदा या गावी जन्मले. त्यांच्या बालपणीच जुनी राजवट कोसळली आणि साऱ्या देशाने पाश्चात्त्य विद्येकडे मुख वळविले. तोक्यो येथे वैद्यकाची पदवी घेतल्यावर त्यांना उच्च शिक्षणासाठी जर्मनीस पाठविण्यात आले. तेथे ते प्रथम रॉबर्ट कॉख यांच्याकडे आणि नंतर बर्लिनच्या रुडॉल्फ फिर्खो यांच्याकडे शिकले. फिर्खो म्हणजे त्या काळी विकृतिशास्त्राचे कुलगुरूच. परत आल्यावर यामागिवा तोक्यो विद्यापीठात विकृतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. थोड्याच वर्षांत क्षयाने त्यांना गाठले. त्यानंतरचे सारे आयुष्य त्यांनी या व्याधीशी तडजोड करीत, जपून बोलत, जपून चालत काढले. ‘गान्’चा आरंभ या रुग्ण माणसाच्या हातून झाला. फ्रान्स व जर्मनीत अशी नियतकालिके त्याआधी निघाली होती. परंतु आशिया खंडात कर्करोगासाठी स्वतंत्र नियतकालिक असावे, ही कल्पना त्या वेळी धाडसाचीच होती. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९०८ साली, तोक्योस कर्करोग संशोधनाची संस्थाही स्थापन झाली.

कर्करोग होतो तरी कशाने, हा त्या काळचा मुख्य वाद होता. लंडनचे शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ सालीच असे दाखविले होते की, धुराडी साफ करणाऱ्या मुलांना पुढे एका विशिष्ट जागी त्वचेचा कर्करोग होतो, आणि त्याचे कारण अंगास चिकटून राहणारी काजळी होय. पुढे शंभर वर्षांनी जर्मनीत फोल्कमान यांनी डांबराच्या व पॅराफिनच्या कारखान्यांतील कामगारांत तसाच प्रकार पाहिला. फिर्खो यांचे म्हणणे असे की, शरीराचा एखादा भाग दीर्घकाळ चुरचुरत, दुखावत राहिला तर तेथे कर्करोग उद्भवतो. हे सारे निरीक्षण होते. त्यास प्रयोगाचा पुरावा नव्हता. युरोपातील काही संशोधकांनी प्राण्यांच्या अंगास डांबर चोपडून पाहिले, पण हाती काही लागले नाही आणि त्यांनी तो नाद सोडून दिला.

यामागिवांनी तो सोडला नाही. १९१३ च्या सुमारास पशुवैद्यकाचे एक तरुण पदवीधर, कोइचि इचिकावा, त्यांना साहाय्यक म्हणून मिळाले. प्रयोग ऐकावयास इतका साधा की त्यात काही विद्वत्ता आहे असे वाटू नये. सशाच्या कानाच्या आतल्या बाजूस दगडी कोळशाचे डांबर चोळावयाचे; दोन-तीन दिवसांनी त्याच जागी पुन्हा चोळावयाचे; पुन्हा दोन-तीन दिवसांनी पुन्हा. आठवडे गेले, महिने गेले. कित्येक ससे मरून गेले. कानांवर प्रथम चामखिळीसारख्या गाठी आल्या. पण चामखीळ म्हणजे कर्करोग नव्हे. येथपर्यंत येऊन कोणीही म्हटले असते, की आता पुरे. परंतु हे दोघे चोळतच राहिले, आणि वर्ष उलटून गेल्यावर त्या गाठींपैकी काहींनी आपले रूप पालटले. त्वचेच्या पेशी सीमा ओलांडून आत घुसू लागल्या. सूक्ष्मदर्शकाखाली पाहता संशय राहिला नाही : निरोगी प्राण्याच्या शरीरात मनुष्याने हेतुपुरस्सर उत्पन्न केलेला तो कर्करोग होता. १९१५ साली तोक्यो येथे हा शोध जाहीर झाला. त्या आनंदात यामागिवांनी एक हायकू रचला. विकृतिशास्त्राच्या इतिहासात काव्यास जागा मिळाल्याचा असा प्रसंग क्वचितच आला असेल.

येथे एक अडचण होती, आणि ती परप्रांतात राहणाऱ्या आपणां मराठी मंडळींस सहज समजण्याजोगी आहे. आपली भाषा ज्यांना येत नाही त्यांच्यात राहून आपले म्हणणे मांडावयाचे कसे? जपानी भाषेत लिहिलेले युरोप-अमेरिकेत कोण वाचणार? तोक्योच्या विद्वानांनी यावर असा तोडगा काढला होता की, जपानी वाचकांसाठी जपानीत लिहावे आणि जगासाठी जर्मनमध्ये. त्या काळी वैद्यकाची जागतिक भाषा तीच होती. ‘गान्’मध्येही या दोन्ही भाषा नांदत, इंग्रजी पुढे आली. यामागिवा व इचिकावा यांचा सविस्तर प्रबंध इंग्रजीत प्रसिद्ध झाला तो १९१८ साली, अमेरिकेच्या ‘जर्नल ऑफ कॅन्सर रिसर्च’मध्ये. तेही नियतकालिक त्या वेळी अवघे दोन वर्षांचे होते. आज ‘कॅन्सर रिसर्च’ या नावाने जे प्रख्यात नियतकालिक चालते, त्याचे ते पूर्वज होय.

आता या गोष्टीतील कडू भाग. यामागिवांच्या दोन वर्षे आधी, १९१३ साली, कोपनहेगनच्या योहानेस फिबिगर यांनी जाहीर केले होते की, एका विशिष्ट कृमीमुळे उंदरांच्या जठरात कर्करोग होतो. साखरेच्या कारखान्यातील झुरळांच्या अंगात हे कृमी असत. तीच झुरळे त्यांनी उंदरांना खाऊ घातली होती. हा शोध विलक्षण गाजला. १९२६ च्या नोबेल पारितोषिकासाठी फिबिगर व यामागिवा या दोघांचीही नावे पुढे आली. ते दोघांत विभागून द्यावे असे एका परीक्षकाचे मत होते, दुसऱ्याचे मत विरुद्ध पडले. त्या वर्षीचे पारितोषिक राखून ठेवण्यात आले, आणि पुढील वर्षी ते एकट्या फिबिगरांस देण्यात आले. सन्मानानंतर काही आठवड्यांतच, जानेवारी १९२८ मध्ये, फिबिगर वारले. यामागिवा १९३० साली गेले. त्यांना ते पारितोषिक कधीच मिळाले नाही.

आणि पुढे काय झाले? इतरांनी फिबिगरांचे प्रयोग करून पाहिले, तेव्हा तसा परिणाम दिसेना. १९५२ साली हिचकॉक व बेल या दोघा संशोधकांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या नियतकालिकात दाखवून दिले की, उंदरांच्या जठरातील तो विकार कर्करोग नव्हताच. आहारात ‘अ’ जीवनसत्त्व नसल्यामुळे आणि कृमींच्या उपद्रवामुळे तो होत होता. फिबिगरांनी लबाडी केली असे कोणीही म्हणणार नाही. ते प्रामाणिक व कष्टाळू संशोधक होते. किंबहुना यामागिवांच्या रीतीने डांबर चोळून उंदरांत कर्करोग उत्पन्न करण्याचे काम १९२० नंतर त्यांनी स्वतःच कोपनहेगनला केले. १९६६ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग परिषद तोक्यो येथे भरली, तेव्हा यामागिवांच्या बाजूने मत देणारे ते वृद्ध परीक्षक, फोल्के हेन्शेन, तेथे उपस्थित होते. यामागिवांना पारितोषिक मिळाले नाही याची खंत त्यांनी त्या वेळी बोलून दाखविली. तोवर छत्तीस वर्षे उलटली होती.

ही हकीकत वाचून मनुष्य हळहळतो आणि न्याय-अन्यायाचा विचार करू लागतो. माझे मन मात्र दुसरीकडे वळते. पारितोषिक कोपनहेगनला गेले. पण नोंद कोठे होती? नोंद दप्तरात होती, आणि ती आपले काम करीतच होती. १९१८ साली ‘गान्’मध्ये त्सुत्सुइ नावाच्या संशोधकाचा अवघ्या काही पानांचा एक लेख आला. सशाऐवजी लहान उंदराच्या पाठीवर डांबर लावले तरी कर्करोग होतो, एवढेच त्यात सांगितले होते. वरवर पाहता हा किरकोळ फेरफार दिसतो. परंतु ससा महाग, उंदीर स्वस्त. ससा पाळावयास जागा लागते, उंदीर एका खोलीत शेकड्यांनी ठेवता येतात. त्या लेखाने जगातील प्रयोगशाळांच्या हाती एक मोजपट्टी दिली. कोणताही पदार्थ संशयास्पद वाटला की तो उंदराच्या त्वचेस लावून पाहता येऊ लागला.

हीच मोजपट्टी घेऊन लंडनमध्ये अर्नेस्ट केनावे व त्यांचे सहकारी कामाला लागले. डांबरात शेकडो द्रव्ये असतात. त्यांतील अपराधी कोणते? १९३० साली त्यांनी शुद्ध स्वरूपातील एका रासायनिक द्रव्याने कर्करोग होतो असे प्रथमच सिद्ध केले. पुढे दोन टन पिच, म्हणजे डांबराचा घट्ट गाळ, पुनःपुन्हा गाळून, वेगळा काढून, प्रत्येक भाग उंदरांवर पारखून, १९३३ साली त्यांनी बेंझोपायरीन हे द्रव्य शुद्ध रूपात मिळविले. काजळीतला तो जुना अपराधी अखेर नावानिशी सापडला. पॉट यांच्या धुराड्यांतील मुलांपासून येथवर यावयास दीडशेहून अधिक वर्षे लागली. तेच द्रव्य तंबाखूच्या धुरातही असते, हे पुढे निष्पन्न झाले.

‘गान्’च्या पानांतून निघालेला आणखी एक धागा थेट स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला. १९३६ साली किनोशिता यांनी या नियतकालिकात लिहिले की, ‘बटर यलो’ नावाचा पिवळा रंग खाण्यातून दिला असता उंदरांच्या यकृतात कर्करोग होतो. लोणी व मार्गारिन यांना मोहक पिवळेपणा आणण्यासाठी काही देशांत हा रंग वापरीत असत. तो खाद्यपदार्थांतून हद्दपार झाला आणि अन्नात घालावयाचे रंग आधी तपासून घेतले पाहिजेत, या विचाराला बळ आले. ज्या गृहिणीच्या ताटातून तो रंग गेला, तिने ‘गान्’चे नाव ऐकले असण्याचा संभव नाही.

अशा नियतकालिकांत आज जे छापले जाते ते आधी त्याच विषयातील इतर जाणत्यांच्या नजरेखालून जाते. संपादक लेख दोघा-तिघांकडे पाठवितो. ते शंका काढतात, पुरावा मागतात, कधी लेख परतही करतात. आपल्या कचेरीत टिपणी कारकुनाकडून विभाग अधिकाऱ्याकडे आणि तेथून वर जाते, तसाच हा प्रकार म्हणता येईल. भेद इतकाच की येथे परीक्षण करणारा वरिष्ठ नसून बरोबरीचा असतो, आणि बहुधा त्याचे नाव लेखकास कळत नाही. यामागिवांच्या काळी हे काम पुष्कळदा संपादक स्वतःच करीत. परीक्षकांकडे लेख पाठविण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. पण एवढ्याने चूक टळते असे समजण्याचे कारण नाही. फिबिगरांचे निष्कर्ष छापून आले होते, आणि तज्ज्ञांनी त्यांवर शिक्कामोर्तबही केले होते. नियतकालिकाचा मोठेपणा ते कधी चुकत नाही यात नाही. चूक कोणत्या पानावर झाली हे कोणासही उघडून पाहता येते आणि तिची दुरुस्ती दुसऱ्या पानावर लिहिता येते, यात तो आहे.

फिर्खो-यामागिवांच्या विचाराची एक शाखा आपल्याकडेही आली. मूळचे गोमंतकीय डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी मुंबईस टाटा स्मारक रुग्णालयात विकृतिशास्त्राचे काम उभारले. पुढे आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. १९४५ साली त्यांनी व त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी अमेरिकेच्या एका विकृतिशास्त्रीय नियतकालिकात एक लेख लिहिला. त्याचा विषय प्रयोगशाळेतील ससे नव्हते, आपले लोक होते. कमरेस घट्ट कसलेल्या धोतरामुळे त्या जागी होणारा कर्करोग. आंध्रच्या किनाऱ्यावर चुट्ट्याचे जळते टोक तोंडात धरून ओढल्याने टाळूस होणारा कर्करोग. आणि बिहारात तंबाखू व चुना यांची खैनी ओठाच्या आत धरून ठेवल्याने तेथेच होणारा कर्करोग. यामागिवांनी सशाच्या कानावर जे बुद्ध्या केले, ते आपली माणसे सवयीने स्वतःच्या शरीरावर रोज करीत होती. तीच जागा, तेच द्रव्य, दोन-दोन तासांनी, वर्षानुवर्षे.

माझी बदली दोन वर्षे विशाखापट्टणला होती. समुद्रकाठी मासे निवडीत बसलेल्या म्हाताऱ्या कोळिणी चुट्ट्याचे पेटते टोक तोंडात घेऊन ओठ मिटून बसत. वाऱ्याने विझू नये म्हणून ही युक्ती, असे मला कोणी तरी सांगितले. मी ते नवल म्हणून पाहिले आणि घरी पत्रातून लिहिले. वडिलांनी फोनवर त्याची थट्टा केली. ते स्वतः कोकणातल्या घरी ओटीवर बसून तळहातावर तंबाखू मळीत आणि खालच्या ओठात धरीत. त्यांची चंची व चुन्याची डबी आमच्या घरात देव्हाऱ्याइतकीच जुनी होती. पुढे त्या ओठाच्या आत एक पांढरा चट्टा आला, मग न भरणारी जखम. ‘दात लागला असेल,’ असे म्हणत त्यांनी आठ महिने काढले, आणि सुट्टीवर गेलेल्या मीही ते मान्य केले. मुंबईस नेले तेव्हा वेळ निघून गेली होती.

ते गेल्यानंतरच्या वर्षी मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो आणि खानोलकरांच्या त्या लेखापाशी येऊन पोहोचलो. खैनी, खालचा ओठ, चुना : सारे तेथे होते. माझ्या वडिलांच्या जन्माआधी ती टिपणी लिहून झाली होती. तंबाखू चघळल्याने मुखाचा कर्करोग होतो, यावर १९८५ साली फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनेही शिक्कामोर्तब केले होते. कागद तयार होता. तो आमच्या ओटीपर्यंत आला नाही. यात दोष कोणास द्यावा? चट्टा मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता, आणि मी पदवीधर आहे. फाइलीत नोंद असणे निराळे आणि ती वेळेवर काढून योग्य माणसापुढे ठेवणे निराळे, हे ज्याला रोज करावे लागते त्यालाच घरच्या बाबतीत ते सुचले नाही.

‘गान्’ हे नाव आता मुखपृष्ठावर नाही. १९८५ साली ते ‘जपानी जर्नल ऑफ कॅन्सर रिसर्च’ झाले आणि २००३ साली ‘कॅन्सर सायन्स’. त्याची भाषा इंग्रजी आहे, आणि आज त्यात पेशींच्या अंतरंगातील जनुकांविषयी ज्या गोष्टी छापल्या जातात त्या यामागिवांच्या स्वप्नातही आल्या नसतील. तथापि नाव बदलले तरी दप्तर तेच आहे. १९१८ च्या त्या उंदरांवरील लेखाचा हवाला आजही संशोधक देतात. मनुष्य जातो, सन्मान चुकीच्या पत्त्यावर जातात, नियतकालिकाचे नावसुद्धा जाते. खरी नोंद तेवढी राहते आणि पुढच्या वाचकाची वाट पाहते.

तो वाचक होण्यासाठी शास्त्रज्ञच असावे लागते असे नाही. गेल्या सुट्टीत गावी गेलो असताना शेजारच्या ओटीवर वडिलांच्या वयाचे एक गृहस्थ तंबाखू मळीत बसले होते. मी त्यांना म्हटले, “काका, जरा खालचा ओठ दाखवा बघू.” ते हसले, पण त्यांनी दाखविला. आत एक पांढरा चट्टा होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी त्यांना घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी तपासून सांगितले की, हा अद्याप कर्करोग नाही. तंबाखू सोडली तर बरे होण्याचा संभव पुष्कळ आहे. परतताना काकांनी चंची माझ्या हाती दिली आणि म्हणाले, “ठेव तुझ्याकडे. मागितली तर देऊ नको.” ती अजून माझ्या मेजाच्या खणात आहे.